वेशीवर धुतलेले पाय

सन दोन हजार अकरा, महिना मे. त्या वर्षी मोहाची फुलं इतकी पडली की टोपल्या पुरेनात, आणि आंबा मात्र रुसून बसला होता. गोंदियाजवळच्या गोरेगावच्या कटऱ्यांच्या घरातली दोन माणसं विमानात बसून युरोपला गेली ती याच महिन्यात, आणि गावानं वेशीवर त्यांच्यातल्या एकीचे पाय धुतले तेही याच महिन्यात. या दोन्हींच्या मध्ये जे घडलं त्याला जबाबदार एकटी सुंदरबाई, हे ती पुढे स्वतःही कबूल करत असे. फक्त ‘एकटी’ हा शब्द तिला मान्य नव्हता.

सुरुवात तिच्या सुनेनं केली होती. रविता हायस्कुलात भूगोल शिकवायची. चौदा वर्षं दर ऑगस्टमध्ये तिच्या फळ्यावर युरोप यायचा. ती निळ्या खडूनं राईन नदी काढायची, तपकिरी खडूनं आल्प्सचे डोंगर काढायची आणि घंटा झाली की डस्टरनं दोन्ही पुसायची. लग्नाला पंधरा वर्षं होत होती, तेव्हा भुवनेश्वरनं बायकोला विचारलं की काय घेऊ. त्याचं मळणीयंत्रांचं आणि पंपांचं दुकान होतं, आणि मनात एक पैठणी होती. रविता म्हणाली, “मला राईन नदी दाखवा.” भुवनेश्वर हसला. रवितानं पर्समधून नागपूरच्या एका सहल कंपनीचं पत्रक काढलं, तेव्हा त्याचं हसू थांबलं. पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस, रोम. आठ दिवस. फक्त दोघं.

रुचि तेरा वर्षांची, संजू आठ वर्षांचा. लेकरांना का न्यायचं नाही, हे रवितानं सासूला स्वतःच सांगितलं, कारण भुवनेश्वरला ते सांगायचं धैर्य होत नव्हतं. ती म्हणाली, “आई, पंधरा वर्षांत आम्ही दोघं एका बाकावर बसून चहा प्यालो नाही. कोणीतरी मध्ये असतंच.”

सुंदरबाई तांदूळ निवडत होती. तिनं दोन खडे काढेपर्यंत विचार केला. तिच्या लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. बाजाराला जायचं तर उदेलाल दहा पावलं पुढे आणि ती मागे. नवऱ्याच्या तोंडापेक्षा त्याची पाठच तिच्या जास्त ओळखीची. ती म्हणाली, “जा. लेकरं मी पाहीन.”

इथपर्यंत ती चांगली वागली, हे तिच्या बाजूनं लिहून ठेवायला हवं.

दोघं गेली आणि चौथ्या दिवशी केशोरीला नात्यातलं लग्न निघालं. मांडवात बायकांची पंगत बसली होती. सुंदरबाईच्या समोरच तिची थोरली जाऊ धुरपताबाई. दोघींची चूल वेगळी झाली त्याला छत्तीस वर्षं झाली होती, आणि त्या वाटणीत पितळेचा हंडा कोणाकडे गेला हा विषय अजून मिटला नव्हता. नवरा केवळराम गेल्यापासून धुरपताबाईचं सगळं लक्ष दोन गोष्टींत होतं, देव आणि सुंदरबाई.

“का वो सुंदर,” धुरपताबाईनं भाताची मूद फोडता फोडता विचारलं, “लेकरं एकटीच दिसून राहिली. माय-बाप कुठं गेले?”

पंगतीतल्या चाळीस बायकांचे हात थांबले. खरं सांगायचं सुंदरबाईच्या अगदी जिभेवर होतं. पण तिला एकदम दिसलं की पुढचं वर्षभर प्रत्येक लग्नात, प्रत्येक तेरवीत रविता ‘लेकरं टाकून नवऱ्यासंग फिराले गेलेली’ म्हणून ओळखली जाईल. शाळेतल्या बाई म्हणून कोणी तिला मान देणार नाही. आणि हे सगळं ज्या सासूनं ‘जा’ म्हटलं तिच्या तोंडावर मारलं जाईल.

“तीर्थाले गेले,” ती म्हणाली.

“कोणत्या?”

“उत्तरेकडं.”

यापुढे सुंदरबाई एक शब्द खोटं बोलली नाही. बोलावंच लागलं नाही. मे महिन्यात उत्तरेकडे माणूस बद्री-केदारलाच जाणार, हे पंगतीनं आपापसात ठरवलं. एकीनं विचारलं, तिथं बर्फ असते म्हणतात. तेवढ्यात जिलेबी खात असलेला संजू म्हणाला, “हो ना, बाबा बर्फात पडले. फोनवर सांगितलं.” पंगतीनं हात जोडले. रुचिनं भावाच्या मांडीला चिमटा काढला आणि आजीकडे अशा नजरेनं पाहिलं की सुंदरबाई पानातला भात उगाच कालवत बसली.

घरी येताना जीपमध्ये उदेलाल बायकोला एवढंच बोलला की खोट्याले पाय नसतात. सुंदरबाईनं उत्तर दिलं की आठ दिवसांचं तर काम आहे, एवढे दिवस लंगडत चालेल. रुचिनं मात्र तोंड बंद ठेवण्याच्या बदल्यात त्याच आठवड्यात पंजाबी ड्रेस शिवून घेतला.

दोन दिवसांनी धुरपताबाई घरी आली. छत्तीस वर्षांत ती कामाशिवाय या घराची पायरी चढली नव्हती. तिचे गुडघे गेलेले, म्हणून सून चेतना हाताला धरून घेऊन आली, आणि मागून आणखी तिघी-चौघी. रविताचा फोन येतो ना, त्यांना तीर्थावरचा आवाज ऐकायचा होता. सुंदरबाईनं चहा टाकला, सगळे देव आठवले आणि आज फोन येऊ नये अशी प्रार्थना केली. संध्याकाळी पाच वाजता फोन आला.

भुवनेश्वरनं परदेशात चालणारं सिमकार्ड घेतलं होतं आणि रविता घाईत बोलायची. सुंदरबाई फोन कानाला चिकटवून मागच्या अंगणात निघाली, पण धुरपताबाईनं तिचा पदर धरला. मग जे ऐकू येईल त्यातलं चालण्यासारखं तेवढं मोठ्यानं म्हणायचं, असा मार्ग तिनं काढला.

रविता रोममध्ये होती. जगातल्या सर्वांत मोठ्या चर्चच्या बाहेर तीन तास रांगेत उभी होती, ऊन खूप आहे, पण आता आत पाऊल टाकलं आणि शब्द फुटेना असं म्हणत होती.

“तीन तास रांग,” सुंदरबाई बायकांना म्हणाली. बायका हळहळल्या.

काल व्हेनिसला होतो, रविता म्हणाली, सगळीकडे पाणीच पाणी, नावेतून फिरलो.

“नावेत बसले. पाणीच पाणी.”

“अलकनंदा,” एकीनं समजावून सांगितलं.

मग धुरपताबाईनं हात पुढे केला. तिनं फोन मागितलाही नाही, घेतलाच. 

“रविता, मी मोठी आई बोलतो. उभी हायेस ना तिथं? एक काम करजो माय. माया कैलाशच्या नावानं एक फूल वाहजो.”

 कैलाश हा तिचा पहिला मुलगा. एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली धानाच्या रोवणीत बांधावर साप चावून गेला, सतरा वर्षांचा होता. त्याच्या नावानं तीर्थ करायचं ती तेव्हापासून म्हणत होती. आधी घर सोडवेना, मग केवळराम आजारी, मग गुडघे. सुंदरबाईनं या पोराला अंगावरचं दूध पाजलं होतं, चूल एक होती तेव्हा.

पलीकडून रविता काहीतरी म्हणाली. धुरपताबाईनं मान डोलावली, फोन परत दिला आणि डोळे पुसता पुसता जाहीर केलं की पोरं तीर्थाहून येतील तेव्हा वेशीवर भजन होईल, पाय धुतले जातील आणि मग गंगापूजनाचं गावजेवण. शालीकरामच्या भजन मंडळाला ती स्वतः सांगणार होती.

त्या रात्री सुंदरबाई जेवली नाही. लोकांचं काय, लोक चार दिवस बोलतात. पण आमच्याकडे तीर्थाहून आलेल्या माणसाचे पाय धुवून ते पाणी तळहातावर घेऊन पितात. ज्याला स्वतः जाता आलं नाही त्याला त्या घोटात तीर्थ मिळतं. आणि ते पाणी पिणार होती धुरपताबाई, कैलाशच्या नावानं.

पोरं येण्याच्या आदल्या दिवशी ती सगळं कबूल करायला जावेच्या घरी गेली. तर आत धुरपताबाई भिंतीला धरून उकिडवं बसायचा सराव करत होती. गुडघ्यांना मोहाचं तेल चोळलेलं, कपाळाला घाम. खाटेवर पेटीतलं जुनं पांढरं पातळ काढून ठेवलेलं. ती म्हणाली, “दोनदा बसली मी सुंदर. उठता नाही येत, पण उठाचं पाहीन मंग. पाय धुवाले बसनंच महत्त्वाचं.” सुंदरबाई तेलाची वाटी उचलून तिचे गुडघे चोळत बसली आणि काही न बोलता परत आली. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा दोघी एका खोलीत अर्धा तास भांडल्याशिवाय बसल्या होत्या, त्याचाही तिला धसका बसला.

शेवटची आशा उदेलाल होता. गोंदियाच्या स्टेशनावर पोरांना घ्यायला तोच जाणार होता. सुंदरबाईनं त्याला तीन वाक्यं पाठ करून दिली. मागच्या रस्त्यानं घरी आण. वेशीकडं येऊ नको. रविताले सगळं सांग. उदेलालनं तिन्ही म्हणून दाखवली. पण स्टेशनावर मुलगा आणि सून समोर येताच म्हातारा इतका सुखावला की त्यानं रविताला पॅरिसमध्ये धान पिकते काय एवढंच विचारलं. मग रस्ताभर तिथल्या गहू आणि द्राक्षांची माहिती ऐकत आला. जीप वेशीजवळ आल्यावर त्याला तिन्ही वाक्यं एकदम आठवली. तो म्हणाला, “थोडं भजन हाय गावात.”

वेशीवरच्या मारुतीपाशी शंभरेक माणूस जमलेलं. शालीकरामच्या गळ्यात मृदंग, बाकीच्यांच्या हाती टाळ. बाजूला केशोराव आचाऱ्यानं सकाळपासून चुली पेटवलेल्या, बुंदीचा वास सुटलेला. जीपमधून आधी भुवनेश्वर उतरला. डोक्याला गोल टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, नाकाची कातडी सोललेली. मागून रविता, पायात पांढरे बूट. भजन सुरू झालं. भुवनेश्वरला वाटलं की कोणीतरी निवडणूक जिंकलं आहे, आणि तो बाजूला सरून वाट देऊ लागला.

चेतना आणि आणखी एकीनं धुरपताबाईला दोन्ही बाजूंनी धरून खाली बसवलं. तिच्या तोंडून आवाज आला नाही, पण ओठ पांढरे पडले. पुढ्यात परात. तिनं रविताचा पाय ओढला आणि बुटाची नाडी सोडू लागली.

“मोठी आई, हे काय करता तुम्ही?” रविता पाय मागे घेऊ लागली.

“उगी राह्य. तुया पाय नोहे हा, तीर्थाचा हाय.”

रवितानं सासूकडे पाहिलं. सुंदरबाई जमिनीकडे पाहत होती. तेवढ्या एका नजरेत सुनेला बरंच समजलं असावं, कारण तिनं पाय ओढून घ्यायचं थांबवलं. बूट निघाले, मोजे निघाले. पाय धुतले गेले. धुरपताबाईनं परातीतलं पाणी ओंजळीत घेतलं, डोळे मिटले आणि ओंजळ ओठांशी नेली.

सुंदरबाईनं तिचं मनगट धरलं.

“पिऊ नको.”

टाळ एकेक करून थांबले. बकारामला कमी ऐकू येत असल्यानं त्याचा टाळ तेवढा शेवटपर्यंत वाजत राहिला, मग कोणीतरी त्याचाही हात धरला.

“तीर्थाले नाही गेले ते. मी खोटी बोलली. युरोपले गेले होते, दोघंच्या दोघं, फिराले. लग्नाले पंधरा वर्षं झाले म्हणून. मीच म्हटलं जा. आन् मंग सांगाची मलेच लाज वाटली. यात पोरीचा दोष नाही, माया हाय.”

उन्हात शंभर माणसं उभी होती आणि बुंदी तळल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. धुरपताबाईनं डोळे उघडले. ओंजळीतलं निम्मं पाणी गळून गेलं होतं. तिनं सुंदरबाईकडे पाहिलंच नाही. ती वर रविताकडे पाहत म्हणाली, “मी फोनवर फूल वाहाले सांगितलं होतं. कोणाले वाहलं मंग?”

रविता तिच्यासमोर मातीत बसली, ओल्या पायांनी.

“तिथं फूल वाहत नाहीत, मोठी आई. पण आत एका बाईची मूर्ती आहे, पांढऱ्या दगडाची. तिच्या मांडीवर तिचा मेलेला मुलगा आहे. मोठा, वाढलेला मुलगा. ती नुसती त्याच्याकडे पाहत बसली आहे. मला तुम्हीच आठवल्या. त्या ठिकाणी मेणबत्ती लावू देत नव्हते, म्हणून बाहेर येऊन शेजारच्या लहान चर्चमध्ये लावली. कैलाशभाऊंच्या नावानं. विझेपर्यंत थांबायचं होतं, पण गाडी सुटत होती.”

धुरपताबाईनं ओंजळ तशीच धरली होती. मग तिनं विचारलं, “रडते काय ते बाई?”

“नाही.”

“मंग खरी हाय,” धुरपताबाई म्हणाली.

तिनं ओंजळीकडे पाहिलं. “हे तीर्थ नोहे,” ती म्हणाली, “पण फेकवत बी नाही.” आणि राहिलेलं पाणी दोन्ही गुडघ्यांना चोळून टाकलं. तेव्हा कुठे तिची मान सुंदरबाईकडे वळली, आणि छत्तीस वर्षांचं सगळं तेज तिच्या तोंडावर आलं.

“आता तू आयक. हंड्याचं मी तुले माफ केलं नाही, हेही करत नाही. तुले पाप लागलं. ते फेडाचं म्हणशील त धानकापणी झाली की काशीले जाचं. मी आन् तू. तुयाशिवाय मले उचलीन कोण? गंगापूजन आपण आल्यावर.”

सुंदरबाई म्हणाली, “येतो.” 

इथे केशोराव आचारी पुढे आला. त्याला पापपुण्यात रस नव्हता. त्यानं विचारलं की बुंदीचं काय करायचं, आणि वांग्यांचं, आणि दोन पायल्या तांदूळ शिजून राहिला त्याचं. गंगापूजन नसेल तर जेवण कसलं? माणसं एकमेकांकडे पाहू लागली. भुवनेश्वरनं चष्मा काढला. आयुष्यात आईसमोर न मागता तो कधी बोलला नव्हता. “आमच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली,” तो म्हणाला, “त्याचं जेवण आहे. सगळ्यांनी जेवून जा.”

उदेलाल म्हणाला, “बसा बापा मंग, पंगत वाढा.” आणि जे लपवायला एवढा खटाटोप झाला, त्याच गोष्टीची शंभर माणसांनी दोन-दोनदा बुंदी मागून घेतली. शालीकरामनं जेवताना रविताला विचारलं की त्या मोठ्या देवळात भजन कसं असते, आणि रवितानं त्याला सांगितलं की पेटीसारखंच वाद्य असतं, पण घराएवढं. स्विस चॉकलेट पंगतीला वाढलं गेलं. बकारामनं ते भातासोबत खाल्लं.

पुढे काय झालं तेही सांगून टाकते.

दोघी जावा त्याच वर्षी डिसेंबरात काशीला गेल्या आणि गोंदियापासून तिथपर्यंत भांडत गेल्या. घाटाच्या पायऱ्या सुंदरबाईनं धुरपताबाईला एकेक करून उतरवल्या. कैलाशच्या नावाचं फूल पाण्यात सोडताना धुरपताबाई म्हणाली की मेणबत्ती आधी पोचली असल. ती दोन हजार चौदामध्ये गेली. गुडघे शेवटपर्यंत बरे झाले नाहीत, पण ती म्हणायची की डावा थोडा हलका वाटते. जाण्याआधी महिनाभर ती सुंदरबाईच्याच हातचं जेवत होती आणि मीठ कमी आहे म्हणत होती.

उदेलाल दोन हजार सोळाच्या पावसाळ्यात, दुपारी जेवून पडला तो उठला नाही. तोवर बाजाराला जाताना त्याचं अंतर दहा पावलांवरून तीन-चारवर आलं होतं. भुवनेश्वरनं दुकान तिरोड्याला हलवलं. रविता मुख्याध्यापिका झाली, तरी आठवीचा भूगोल स्वतःकडेच ठेवला. राईन नदी ती आता हिरव्या खडूनं काढते, कारण तिनं पाहिली तेव्हा ती हिरवी होती. संजू शेती पाहतो. बर्फ त्यानं अजून पाहिला नाही.

रुचि शिकली आणि दोन हजार बावीसमध्ये नोकरीसाठी जर्मनीला गेली. त्या आठवड्यात गोरेगावच्या बाजारात, वेशीवरच्या त्या पंगतीला जेवलेल्या सुशिलाबाईनं सुंदरबाईला विचारलं की नात कुठे आहे. सुंदरबाईनं मान वर करून सांगितलं. देश सांगितला, शहर सांगितलं, कोणतं काम ते सांगितलं, एकटीच गेली हेही सांगितलं. लपवण्यासारखं काही ठेवलंच नाही.

सुशिलाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली, जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, “ते झालं वो. पण खरं कुठं गेली?”